एका फळीवरची पुस्तके

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कणकवलीकडे, किंबहुना साऱ्या दक्षिण कोकणात, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायची रीत आहे. काकडीच्या जातीचे ते लहानसे कडू फळ. ते फोडायचे, त्याचे बी जिभेला लावून तोंड वाकडे करायचे आणि मग गुळातल्या, ताकातल्या, तिखट अशा नाना तऱ्हांच्या पोह्यांवर बसायचे. त्या घटकेला कारिटाला कारीट कोणीच म्हणत नाही. तो नरकासुर असतो. घरातले चार वर्षांचे पोरही हे रूपक विनासायास समजते. त्याला ते कोणी फोड करून सांगावे लागत नाही. आणि हे रूपक कशाचे, तर एका गुन्हेगाराला झालेल्या शिक्षेचे. प्रतीकांचा अभ्यास आणि गुन्ह्याचा न्याय हे दोन विषय विद्वानांच्या जगात एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. आमच्या अंगणात मात्र ते दरवर्षी एकाच अंगठ्याखाली येतात.

यंदाच्या पावसाळ्यात मी सहा मराठी पुस्तके वाचली. काही प्रथमच, काही पुन्हा. दुर्गाबाई भागवतांचे 'पैस', डॉ. रा. चिं. ढेरे यांचे 'लज्जागौरी', विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे', लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', अनिल बर्वे यांचे 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि आप्पासाहेब पटवर्धनांचे 'माझी जीवनयात्रा'. वाचनालयाच्या कपाटांत ही मंडळी वेगवेगळ्या खणांत राहतात. कोणी ललित निबंधांत, कोणी धर्म-दैवतांत, कोणी नाटकांत, कोणी आत्मचरित्रांत. घरी मात्र मी ती एका फळीवर ओळीने लावली. शेजारच्या काकी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी पाठीवरची नावे वाचली आणि म्हणाल्या, "देवी नि चोर एकाच फळयेर ठेवलंस मां?" साखर घेऊन त्या गेल्या; प्रश्न मात्र ठेवून गेल्या. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रतीकाचा अर्थ लावणारा अभ्यासक आणि निवाडा करणारा न्यायाधीश, दोघेही एका खुणेपुढे उभे असतात. एकापुढे दगडावरची खूण असते, दुसऱ्यापुढे माणसावरची. खुणेचा अर्थ आधीच ठरला आहे असे जो मानतो, त्याच्या हातून विद्याही घडत नाही आणि न्यायही घडत नाही. या सहा पुस्तकांचे मोल मी या एकाच कसोटीवर करणार आहे: पुढ्यातली खूण ते पुस्तक नव्याने वाचते, की जुनाच शिक्का पुन्हा उमटवते?

प्रारंभ 'पैस'पासून करू. कारण ते सर्वांत निर्धास्तपणे घरात येणारे पुस्तक आहे. १९७० साली ते निघाले आणि १९७१ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने त्याचा गौरव झाला. ज्या लेखावरून पुस्तकाला नाव मिळाले, तो लेख नेवाशाच्या खांबावरचा. ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी परंपरा आहे. खांब साधा आहे; नक्षीकामाच्या हौशीने तो पाहायला जाणारा निराश होऊनच परतेल. त्यावर लेख कोरलेला आहे, तो दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या देणगीचा. दुर्गाबाईंची दृष्टी अशी की, त्या या साधेपणाची कीव करत नाहीत आणि त्याला भक्तीचे दागिनेही घालत नाहीत. खांबाभोवतीची मोकळी जागा, तिचा पैस, हाच त्या वस्तूचा अर्थ म्हणून त्या आपल्यापुढे ठेवतात. प्रतीक म्हणजे वस्तूला चिकटवलेले नाव नव्हे, वस्तूभोवती मनाला मिळालेला वाव आहे, हे मराठी निबंधात इतक्या सहजतेने क्वचितच कोणी दाखवले असेल. उणेच काढायचे तर एवढेच की, इथली खूण आधीपासूनच वंद्य आहे. ज्या खांबाला साऱ्या महाराष्ट्राने हात जोडले, त्याच्यापुढे नम्र होणे वाचकाला जड जात नाही.

जड जाते ते 'लज्जागौरी'पुढे. ढेरे यांचा हा ग्रंथ १९७८ सालचा. त्याचा विषय असलेली मूर्ती वाचकांपैकी कित्येकांनी बदामीच्या संग्रहालयात पाहिली असेल, आणि मुलांना हाताला धरून जरा घाईनेच पुढे नेले असेल. विवस्त्र स्त्रीदेह, गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना पसरलेले पाय आणि मस्तकाच्या जागी उमललेले कमळ. मराठवाड्यात तेरसारख्या प्राचीन नगरांच्या ठिकाणीही या देवतेच्या लहान मूर्ती मिळाल्या आहेत. आपण तिला नाव दिले लज्जागौरी. लाज आपल्याला वाटली आणि नावात तिच्या घातली! दगड घडवणाऱ्याच्या हाताला लाज माहीत असती तर ते कमळ इतके टवटवीत उमलले नसते.

ढेरे यांनी केले ते असे की, या संकोचाचा पडदा हळूच बाजूला करून त्यांनी त्या रूपाचे नातलग शोधले. रेणुका, यल्लमा, मातंगी. धडावेगळ्या झालेल्या शिराच्या कथा. पूर्णघट, कमळ आणि वारूळ. मस्तक नसलेली ही आई म्हणजे पिकवणारी, प्रसवणारी भूमी आहे, या निष्कर्षाकडे ते वाचकाला पुराव्यामागून पुरावा देत नेतात. आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना तर हे वाचताना आपल्याच गावदेवीची ओळख नव्याने पटते. इकडे गावोगाव सातेरीची देवळे आहेत आणि सातेरी वारुळाच्या रूपात पूजली जाते. ज्या मातीच्या ढिगापुढे आजी नारळ ठेवत आली, त्याच्याशी बदामीच्या त्या मूर्तीचे नाते निघते हे कळल्यावर त्या मूर्तीकडे पाहताना मान खाली घालायचे कारण उरत नाही.

या ग्रंथाचा एक दोषही नोंदवला पाहिजे. ढेरे यांचा व्यासंग एवढा अफाट की, कधीकधी एका नावाचे दुसऱ्या नावाशी असलेले साम्य हाच पुरावा होऊन बसतो. साखळीतली एखादी कडी पक्की बसली की नाही हे तपासायला वाचकाला उसंत मिळत नाही. तोवर पुढच्या तीन कड्या त्याच्या हातात आलेल्या असतात. तरीही हा ग्रंथ मला मोठा वाटतो. कायद्यात आरोपीला संशयाचा फायदा देतात. ढेरे यांनी तो फायदा एका बदनाम झालेल्या दगडाला दिला, आणि त्यातून एक आई निर्दोष सुटली.

आता दगडाकडून माणसाकडे वळू. वाट फार लांबची नाही, कारण 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातही प्रश्न गर्भाचाच आहे. १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावी आलेली असते. संध्याकाळच्या प्रयोगाला अवकाश आहे, वेळ घालवायचा आहे. म्हणून आपल्यातल्याच एका बाईला, शिक्षिका बेणारेला, खोट्या पिंजऱ्यात उभे करून तिच्यावर भ्रूणहत्येचा खोटा आरोप ठेवतात. पाहता पाहता खेळाचा खटला होतो. साक्षीदार मुंबईच्या चाळीतून आणि शाळेतून आणलेल्या कंड्या ओकू लागतात. ज्या प्राध्यापक दामल्यांची साक्ष सर्वांत महत्त्वाची, ते त्या दिवशी आलेलेच नाहीत, आणि त्यांचे नसणे कोणाला फारसे खटकतही नाही. शेवटी न्यायासनावर बसलेले काशीकर जी शिक्षा फर्मावतात ती अशी की, बाईच्या पोटातला गर्भ नष्ट व्हावा. ज्या कृत्याचा आरोप ठेवला, तेच कृत्य शिक्षा म्हणून सांगितले जाते.

तेंडुलकरांचे सामर्थ्य मला दिसते ते इथे. त्यांनी कोर्टावर टीका केली, असे सरसकट म्हटले जाते. ते मला अपुरे वाटते. खऱ्या कोर्टात निदान पुराव्याचा कायदा असतो, उलटतपासणी असते, अपील असते. तेंडुलकर दाखवतात ते न्यायासनाशिवाय चालणारे कोर्ट: ओसरीवरचे, चाळीच्या कठड्यावरचे, लग्नाच्या पंगतीतले. त्याला अपील नाही. नाटकाचा एक भाग मात्र मला दर वेळी ओढलेला वाटतो. बेणारेचे अखेरचे प्रदीर्घ स्वगत इतके नेटके आणि इतके साहित्यिक आहे की, तोवर जी बाई बोलत होती तिच्याऐवजी क्षणभर नाटककारच बोलत आहे असा भास होतो. पण त्यानंतर सामंत कापडाचा हिरवा पोपट तिच्याशेजारी ठेवतो आणि नाटक पुन्हा सावरते. त्या पोपटाचा अर्थ काय, हे तेंडुलकर सांगत नाहीत. प्रतीकाला असेच ठेवावे.

या ठिकाणी वाचकांनी स्वतःच्या घरातल्या पुस्तकांकडे एकवार पाहावे, अशी विनंती आहे. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. विनोबांची 'गीताप्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. म्हणजे मराठी घरातली तीन आवडती पुस्तके कोठडीतून आलेली आहेत. दुर्गाबाईंनाही १९७६ साली, आणीबाणीत, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून अटक करून तुरुंगात नेले गेले. तुरुंगाची आपल्याला लाज नाही, उलट अभिमान आहे. मात्र तो तुरुंग थोरांचा असावा लागतो. त्याच भिंतीपलीकडे, त्याच वेळी, चोरीच्या आरोपाखाली बसलेल्या माणसाने काय पाहिले, ते सांगणारे पुस्तक फळीवर ठेवायला आपला हात सहसा धजत नाही.

तसे पुस्तक 'उचल्या'. १९८७ साली ते निघाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लातूर तालुक्यातल्या धनेगावात, पाकीटमारीवर पोट भरणाऱ्या जमातीत जन्मलेल्या मुलाची ही कहाणी. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने काही जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नावे नोंदवायची, पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचा नाही. काहींना तर सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसवले गेले. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. कागदावरची खूण त्या दिवशी पुसली. पाटलाच्या, फौजदाराच्या आणि शेजाऱ्याच्या मनातली तशीच राहिली, हे 'उचल्या' पानोपानी दाखवते.

नरकासुराच्या कथेचा उत्तरार्ध आपण मुलांना सहसा सांगत नाही, तो इथे आठवतो. असुर मेला, त्याच्या बंदिवासातल्या सोळा सहस्र स्त्रिया सुटल्या. पण त्यांना घरात घेणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. कृष्णाने त्यांना पत्नीपद दिले ते त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. म्हणजे पुराणकारांनाही ठाऊक होते की, बेडी तोडणे सोपे असते. सुटलेल्याच्या कपाळावरची खूण पुसणे हे खरे काम. आणखी एक गोष्ट: नरकासुराचे दुसरे नाव भौमासुर; तो भूमीचा मुलगा. आमच्या सातेरीचा मुलगाच म्हणा ना! देवी आणि चोर एका फळीवर कसे, या काकींच्या प्रश्नाला पुराणातच असे उत्तर आहे.

'उचल्या'चे यश हे की, तो आपली बाजू गोड करून मांडत नाही. पोरांना चोरी शिकवताना मोठी माणसे त्यांना बडवतात, ते पुढे पोलिसांच्या मारापुढे तोंड उघडू नये म्हणून. पोरगा शाळेत जाऊ लागला आणि वस्तीत ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले, तेव्हा ते शाळेमुळेच झाले असे वस्तीतलेच लोक म्हणतात. हे प्रसंग लेखक कळवळून सांगत नाही. जसे घडले तसे सांगतो. मग वाचकाच्या लक्षात येते की चोरी हा इथे स्वभाव नाही, जबरीने सोपवलेला धंदा आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र सैल झाला आहे. सूतगिरणीतली नोकरी, मोर्चे, संघटना, सभा यांच्या हकिगती एकामागून एक येतात आणि पूर्वार्धातली मुलाची भेदक नजर कार्यकर्त्याच्या अहवालात हरवते. हा दोष मी लपवणार नाही. पण तो सांगून पुस्तक खाली ठेवण्याइतकी त्याची योग्यता लहान नाही.

याच्या शेजारी 'थँक यू मिस्टर ग्लाड' ठेवले की, कोणता गुण दुर्मिळ आहे ते कळते. अनिल बर्वे यांची ही कादंबरी झपाटून टाकते, यात शंका नाही. कडव्या शिस्तीचा जेलर ग्लाड आणि फाशीची वाट पाहणारा नक्षलवादी कैदी वीरभूषण पटनाईक यांची झुंज, तीतून उगवणारा स्नेह, आणि अखेर दोराऐवजी गोळीने यावे असे वाटणारे मरण. नाट्यरूपातही हे कथानक गाजले, त्याचे नवल नाही. पण पटनाईक डॉक्टर आहे, बुद्धिमान आहे, धैर्यवान आहे, ज्याने छळले त्याच्या मुलीचा जीव वाचवणारा आहे. अशा कैद्यावर कोण प्रेम करणार नाही? वाचकाच्या न्यायबुद्धीची इथे परीक्षाच होत नाही. तिला अगोदर उत्तर सांगून मग प्रश्न विचारला आहे. भुरटा पाकीटमार कोठडीत असता, त्याला ना तत्त्वज्ञान, ना देखणे मरण, आणि तरीही ग्लाडसाहेबाला त्याचा माणूस म्हणून आदर वाटला असता, तर ही कादंबरी कितीतरी अवघड झाली असती आणि कितीतरी मोठीही.

शेवटचे पुस्तक आमच्या गावचे. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीत गोपुरी आश्रम उभा केला; त्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. १९७१ साली ते गेले. 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचे आत्मचरित्र वाङ्मयीन सजावटीच्या अपेक्षेने उघडू नये. वाक्ये सरळ, विनोद कोरडा आणि तपशिलांची काटेकोर मांडणी. तरीही या फळीवरची दोन्ही टोके मला जोडलेली सापडली, ती याच माणसाच्या आयुष्यात.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. अधिकाऱ्यांनी ते नाकारले. कारण तुरुंगातही ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिले जाई. आप्पांनी अन्न कमी केले, हट्ट सोडला नाही. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळले, तेव्हा डिसेंबरच्या आरंभी त्यांनीही आप्पांसाठी उपवास सुरू केला, आणि सरकारने नियमांचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. हे सारे नीट पाहा. तुरुंगात सगळे कैदी एका पातळीवर यायला हवेत. पण तिथेही झाडू ही एक खूण होती आणि ती कोणाच्या हातात द्यायची हे त्याच्या जन्मावरून ठरत होते. आप्पांनी ती खूण मागून घेतली. ज्या वस्तूचा अर्थ 'नीच' असा शतकानुशतके ठरला होता, तो अर्थ त्यांनी भाषणाने नव्हे, हाताने बदलायला घेतला. पुढे 'गोपुरी संडास' म्हणून ओळखली गेलेली पद्धत त्यांनी बसवली, तीही याच विचारातून. माणसाने माणसाचा मैला हाताळावाच लागू नये. कायद्याने तसे म्हणायला १९९३ आणि पुन्हा २०१३ साल उजाडावे लागले.

'लज्जागौरी'त एका अभ्यासकाने दगडावरची लाज पुसली. 'माझी जीवनयात्रा'त एका कैद्याने झाडूवरची पुसायला घेतली. विद्या आणि न्याय ही एकाच कामाची दोन नावे आहेत, असे मला वाटू लागले ते ही दोन पुस्तके लागोपाठ वाचल्यावर. सौंदर्यशास्त्र शिकलेल्या मनाने माणसाशी अन्यायाने वागूच नये, असा काही नियम नाही. कमळाचे सात अर्थ सांगणारे गृहस्थ मोलकरणीच्या पिशवीकडे संशयाने पाहतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण एखादी खूण सावकाश, सर्व बाजूंनी, आपलाच पूर्वग्रह तपासत वाचायची सवय एकदा लागली की, ती दगडावर थांबेल असेही नाही. पुस्तकांकडून मला हवी ती एवढी सवय.

आता दिवाळीच्या सुट्टीत घर भरलेले असताना या फळीवरचे काय कोणाच्या हाती द्यावे, हे विचारणारांसाठी दोन शब्द. घाई नसलेल्या दुपारी 'पैस' मोठ्याने वाचावे. ते ऐकायला चांगले लागते. 'लज्जागौरी' सलग वाचण्याचा आग्रह धरू नये; दोन प्रकरणे वाचून आपल्या गावदेवीच्या देवळात जाऊन यावे. 'शांतता!' चारचौघांनी भूमिका वाटून घेऊन वाचावे, मात्र काशीकरांची भूमिका घरातल्या सर्वांत सज्जन माणसाला द्यावी. 'थँक यू मिस्टर ग्लाड' तरुण पोरे आपणहून वाचतील. 'माझी जीवनयात्रा' कणकवलीकरांनी तरी वाचलीच पाहिजे. गोपुरीवरून रोज जाणारे आम्ही, ती कोणी आणि कशासाठी वसवली हे पाहुण्यांना धड सांगू शकत नाही. आणि 'उचल्या' सोळा वर्षांपुढच्या मुलांच्या हाती निःशंक द्यावे, पण आईबापांनी ते आधी वाचलेले असावे. कारण मुले प्रश्न विचारतील, आणि त्यांतला पहिला प्रश्न पोलिसांविषयी नसून आपल्याविषयी असेल.

फळी मी तशीच ठेवली आहे. काकींनी परवा त्यातले एक पुस्तक नेले. कोणते नेले हे सांगत नाही; पण ते देवीचे नव्हते.